‘मोटिव्हेशन’ला मराठीत काय म्हणायचं? अभिप्रेरणा, प्रोत्साहन की हुरूप?

उद्यमबागकर : आमच्या फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, सुपरवायझर लोकांचं दोन दिवसांचं प्रशिक्षण आहे. निम्मे मराठी, निम्मे कन्नड. मराठी टिपणं माझ्या गळ्यात पडलीत. पाठ्यपुस्तकात ‘कर्मचारी अभिप्रेरणा’ असं आहे. तोच मथळा फलकावर लावला, तर मोल्डिंगमधले, म्हणजे साचे बनवणारे, एक मामा म्हणाले, “हे कुठल्या देवस्थानचं आमंत्रण की ओ?” दुसरा शब्द सुचवा.

शहापूरचा मास्तर : ‘प्रेरणा’ अर्थाने बरोबर आहे. ‘प्र’ आणि ‘ईर्’ धातू, म्हणजे पुढे हलवणं. इंग्रजी शब्दही लॅटिनमधल्या ‘हलवणे’ याच अर्थाच्या धातूवरून आलाय. हिंदी व्याकरणात ‘करवाना’ला प्रेरणार्थक क्रिया म्हणतात, आपण प्रयोजक म्हणतो. म्हणजे करवून घेणारा कुणीतरी त्यात आलाच. पण आज मराठीत प्रेरणा कवीला होते, नाहीतर थोरांच्या चरित्रातून मिळते. मोल्डिंगवाल्याला झालेली मी तरी ऐकली नाही. त्यात ‘अभि’ लावून ती आणखी जड झाली.

‘प्रोत्साहन’ इथे वापरू नका, ते इन्सेंटिव्हसाठी राहू दे. ‘प्रोत्साहन भत्ता’ रुळलेलाच आहे. ‘उत्तेजन’ म्हटलं की उत्तेजनार्थ बक्षीस आठवतं, म्हणजे नंबर हुकला!

टिळकवाडीची : माझं मत ‘हुरूप’. कन्नडातही ‘हुरुपु’ आहे, त्यामुळे निम्म्या वर्गाला तो नव्याने शिकवावा लागणार नाही. शिवाय हुरूप येतो, वाढतो, जातो. हुरूप ‘दिला’ असं सहसा कुणी म्हणत नाही. हर्झबर्ग या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1968 मध्ये हाच भेद केला होता : ढकलून हलवलेला माणूस वेगळा, आपणहून हललेला वेगळा. 1959 च्या त्याच्या अभ्यासात पिट्सबर्गकडचे दोनशेच्या आसपास अभियंते आणि हिशेबनीस होते. पगार, वरिष्ठांची वागणूक, कामाची जागा यांत खोट असली की माणूस नाराज होतो. खोट काढली की नाराजी जाते, एवढंच. नाराजी गेली म्हणजे माणूस राजी झाला असं नाही. हे मराठीत किती सरळ बसतं बघा.

निपाणीवाला : अभियंत्यांचं ठीक आहे हो. आमच्याकडे विड्या वळणाऱ्या बायकांची मजुरी दर हजार विड्यांमागे. वळली तर पैसे, विडी नापास झाली तर तीही गेली. तिथे हुरूप कसला? पोट म्हणा. 1943 मध्ये मास्लो या मानसशास्त्रज्ञाने माणसाच्या गरजांची उतरंड मांडताना भूक सगळ्यांत खाली, पायाला ठेवली ती उगाच नाही. शब्द शोधताना तेवढं विसरू नका.

आणि हुरूप नसलेल्या कामाला मराठीत झकास शब्द आहे : पाट्या टाकणे. प्रशिक्षणाची सुरुवात तिथूनच करा, सगळ्यांना पटकन कळेल.

उद्यमबागकर : निपाणीकरांचं मान्य. आमच्यातही ओव्हरटाइमचा हिशेब दोन महिने रखडला होता तेव्हा भाषणं फुकट गेली. तो चुकता झाल्यावर कुरकुर थांबली, पण रिजेक्शन, म्हणजे नापास मालाचं प्रमाण, होतं तिथेच.

फरक पडलेला एकदाच पाहिला. देवस्थान म्हणणाऱ्या त्याच मामांना मी गिऱ्हाइकाच्या मशीनशॉपमध्ये नेलं होतं. हायड्रॉलिक व्हॉल्वची बॉडी होती, त्यांनीच मोल्ड केलेली. टूल फिरलं, पृष्ठभाग चकचकीत निघाला, एक ब्लोहोल (हवा अडकून पडलेलं छिद्र) नाही. मामांनी त्यावरून अंगठा फिरवला आणि ऑपरेटरला म्हणाले, “माझं हाय ते.” दुसऱ्या दिवसापासून कोअर (पोकळीसाठीचा वाळूचा गाभा) बसवायच्या आधी फुंकर मारून वाळू काढायला लागले. कुणी सांगितलं नव्हतं. याला ‘अभिप्रेरणा’ म्हणायला माझी जीभ वळत नाही.

तेव्हा मथळा ठरला : ‘कामाचा हुरूप’. इन्सेंटिव्हच्या पानावर ‘प्रोत्साहन’.

शहापूरचा मास्तर : छान. फक्त फलक रंगवणाऱ्याला सांगा, मराठीत रू दीर्घ. कन्नड बघून ऱ्हस्व काढेल.

उद्यमबागकर : काढला की ओ! आत्ताच पुसून घेतला.