मदत हवी आहे: १५ मिनिटांचा जुन्या धाटणीचा अ‍ॅडव्हेंचर गेम, सगळे गटाराच्या जाळीपाशीच अडकतात

राजवाडा_चौक (इंदूर)

नमस्कार मंडळी. एजीएस (अ‍ॅडव्हेंचर गेम स्टुडिओ, असे गेम बनवायचं सॉफ्टवेअर) ३.६ मध्ये ३२०×२०० पिक्सेलचा छोटा गेम करतोय. 'मॅनियाक मॅन्शन' या जुन्या गेमच्या चाहत्यांनी जसे सुटे छोटे भाग केले त्या धर्तीवर, फक्त हवेलीऐवजी आपला सराफा (दिवसा सोन्याचांदीचा बाजार, रात्री खाऊगल्ली). खोल्या तीन: राजवाड्यासमोरचा चौक, रात्री दहानंतरचा सराफा आणि कृष्णपुऱ्याच्या छत्र्या. टेम्प्लेट नऊ क्रियापदांचं घेतलंय, म्हणजे खाली 'बघ', 'उचल', 'वापर' अशी नऊ बटणं, आणि निवडलेली कृती वाक्यपट्टीत दिसते.

गोष्ट अशी. आजीची सोन्याची नथ सराफाच्या ओटल्याखाली गटाराच्या जाळीत पडते. दुकान बंद झालंय आणि ओटल्यावर जिलबीवाल्याची कढई लागलीय. बंडूने (आपला नायक) चौकातल्या बंद भोंग्यातलं लोहचुंबक काढायचं, दोरीला बांधायचं, जाळीत सोडायचं, नथ वर. ६ जणांना दिला. ५ जण जाळीपाशी अडकले, त्यातल्या चौघांनी खेळ बंदच केला.

शिवाय तीन अडचणी:
१) युनिकोड मराठी टाकलं तर 'किल्ली'ची पहिली वेलांटी क च्या उजवीकडे जाते, जोडाक्षरं हलन्त दिसतात.
२) वरची वाक्यपट्टी 'वापर चुंबक सोबत जाळी' असं काहीतरी बोलते.
३) लॅपटॉपवर पूर्ण पडदा केला की चित्र धूसर दिसतं.

पिक्सेलपंत

सोनं चुंबकाला चिकटत नाही हो! तुमचे ५ जण अडकले नाहीत, ते बरोबर विचार करत होते. ज्याला हे ठाऊक आहे तो चुंबक हातात असूनही जाळीवर वापरणार नाही. जो सहावा सुटला त्याने बहुतेक सगळं सगळ्यावर लावून पाहिलं असणार, विचारा त्याला.

उत्तर खोलीतच आहे, जिलबीचा पाक. कामटीच्या टोकाला पाक, कामटी जाळीत, नथ चिकटून वर. क्रम असा लावा:

आधी जाळी दाखवा, कामटी नंतर. खेळाडूला कुलूप दिसण्याआधी किल्ली मिळाली की तो ती कशाची ते विसरतो. म्हणून सुरुवात सराफ्यातच करा, नथ डोळ्यांदेखत पडू दे. 'बघ जाळी' केल्यावर बंडूने दोन गोष्टी सांगायलाच हव्यात: नथ हातभर खोल आहे, आणि फटीतून बोट जेमतेम जातं. या दोन वाक्यांनी हात बाद झाला, झारा बाद झाला, आणि 'लांब व बारीक' हे कानावर पडलं.

कामटी छत्र्यांपाशी, फाटलेल्या पतंगाची. 'बघ पतंग' मध्ये कामटी हा शब्द यायला हवा, नाहीतर खेळाडू ते चित्र कागद समजतो.

पाकाचं चिकटपण दोनदा पेरा. जिलबी उचलली की बंडू बोटं चाटतो, आणि नंतर दोरी उचलायला गेला की ती बोटाला चिकटून येते. दुसरा प्रसंग गमतीचा वाटतो, म्हणून तो लक्षात राहतो.

हवं असेल तर एक पायरी वाढवा. गरम पाक कामटीवरून गळून जातो, तो शिकंजीवाल्याच्या बर्फावर टेकवून थंड करायचा. पण मग 'पाक टपटप गळतोय, गरम आहे अजून' हे वाक्य हवंच. आणि शिकंजी इंदूरची, दुधाची, हे गाडीकडे पाहिल्यावर कळू द्या. बाहेरगावचा खेळाडू लिंबू शोधत बसेल.

पाक आणि कामटी संपता कामा नयेत. १९९० च्या 'किंग्ज क्वेस्ट ५' मध्ये आधी मिळालेला 'पाय' (गोड सारणाचा भाजलेला पदार्थ) भूक लागली म्हणून खाल्ला की पुढे हिममानवाला (यती) फेकून मारायला काही उरत नाही, आणि खेळ कायमचा अडकतो, तोही न सांगता. १५ मिनिटांच्या खेळात असली अडवणूक कोणी माफ करणार नाही.

आता चुकीच्या प्रयत्नांची उत्तरं. तुमच्याकडे समजा ६ वस्तू आणि १४ हॉटस्पॉट (पडद्यावरच्या क्लिक करायच्या जागा) आहेत, म्हणजे ८४ जोड्या. सगळ्या लिहू नका. जाळीवरच्या सहाही लिहा, कारण तिथेच सगळे येणार. इतर ठिकाणच्या दहा-बारा. बाकीचं 'अनहँडल्ड इव्हेंट' फंक्शनवर सोडा, ते उत्तर न लिहिलेल्या सगळ्या जोड्यांना एकच ठरावीक उत्तर देतं. इथे एक खड्डा आहे: हॉटस्पॉटच्या 'यूज इन्व्हेंटरी'ला (त्यावर वस्तू वापरल्याची घटना) तुम्ही फंक्शन जोडलं की एजीएस ती घटना हाताळली गेली असं धरतं. आत फक्त 'कामटी असेल तर' लिहिलं आणि 'एल्स' (नाहीतर काय करायचं तो भाग) विसरलात, तर बाकी वस्तूंना काहीच उत्तर येत नाही. तुमच्या जाळीवर हेच होत असणार. खेळाडूला वाटतं क्लिक लागलाच नाही.

बडोदेकर_बोका

पंतांशी सहमत, पण चुंबक काढून टाकू नका. जाळीत सोडलं की बाटल्यांची पत्र्याची बुचं लोंबकळत वर येऊ द्या, नथ खालीच. बंडू म्हणेल, 'लोखंड आलं, सोनं नाही आलं.' खेळाडूला दोरी सोडून चिकटवणं हा मार्ग सुचतो आणि वर हसायला मिळतं.

पिक्सेलपंत

चालेल, पण मग चुंबक दोन क्लिकांत मिळायला हवं. भोंगा उघडायला पेचकस, पेचकसासाठी आणखी कोणाशी बोलणं, आणि शेवटी बुचं? खेळाडू शिव्या देईल. चुकीची वाट नेहमी आखूडच ठेवायची.

सुपारी

अक्षरांचं सांगते. एजीएस प्रत्येक कोडचं चित्र ओळीने ठेवतं. वेलांटी अलीकडे नेणं, जोडाक्षर बनवणं हे काम ते करत नाही. दुसरा युनिकोड फॉन्ट टाकून फरक पडणार नाही. तीन वाटा आहेत.

पहिली: जुन्या पद्धतीचा फॉन्ट. एमपीत टायपिंग शिकलेल्यांना कृतिदेव माहीतच आहे. त्यात वेलांटी आधीच टाइप होते आणि अर्धी अक्षरं वेगळ्या कळांवर असतात, म्हणजे डोळ्यांना दिसतो तोच क्रम साठवला जातो. एजीएसला एवढंच पुरतं. मूळ मजकूर मात्र युनिकोडमध्ये एका तक्त्यात ठेवा आणि अगदी शेवटी रूपांतर करा. कृतिदेवातली वाक्यं नंतर शोधता येत नाहीत, शुद्धलेखन तपासता येत नाही. आधी रिकामी चाचणी खोली करून हे पाच शब्द छापून बघा: किल्ली, स्त्री, ज्ञान, वर्षा, दुसऱ्या. शेवटचा नक्की बघा. हिंदीसाठी केलेल्या फॉन्टची मराठीत गोची होते ती 'ऱ्या' मध्ये.

आणि कृतिदेव १२ पिक्सेलला घाणेरडा दिसतो, शिरोरेषा तुटते. त्याच कळरचनेवर स्वतःचा पिक्सेल फॉन्ट काढा. हिशोब: शिरोरेषा १, तिच्याखाली अंग ७, वर मात्रा-रफार-अनुस्वाराला ४, खाली उकाराला ३, दोन ओळींत फट १. एकूण १६.

क्रियापदांच्या पट्ट्यात मात्र थोडी चैन आहे. दे, उघड, बंद कर, उचल, बघ, बोल, वापर, ढकल, ओढ: नऊपैकी एकालाही खालचा उकार नाही. म्हणजे ओळ १३ पिक्सेलची पुरते. तीन ओळींचे ३९, वाक्यपट्टीचे १६, एकूण ५५. जुन्या खेळांसारखी १४४ उंचीची खोली ठेवली तर खाली ५६ उरतात, बसलं. 'शोधून काढ' वगैरे घालायचा मोह टाळा. ही नऊ बटणं चित्र म्हणूनच काढा, फॉन्टचा प्रश्नच नको.

दुसरी वाट: प्रत्येक वाक्याचं चित्र. ३०-४० वाक्यं असतील तर ठीक, तुमची १५० तरी होतील. तिसरी: गोडो ४ हे दुसरं गेम इंजिन आणि त्यावरचं पोपोचिऊ हे अ‍ॅडव्हेंचर गेमसाठीचं साधन. तिथे देवनागरी नीट जुळते, पण खोल्या पुन्हा बांधाव्या लागतील. तीन खोल्या झाल्यावर ती उठाठेव कशाला.

अजून एक, संवाद वेळेवर आपोआप पुढे जाऊ देऊ नका. क्लिक केल्यावरच पुढे, असं ठेवा. पिक्सेलमधलं मराठी वाचायला लोकांना सवय नसते.

बडोदेकर_बोका

वाक्यपट्टी. टेम्प्लेट क्रियापद आधी ठेवतं, आपलं शेवटी येतं, हे तर झालंच. खरी कटकट सामान्यरूपाची आहे. 'डबा' ला नुसता 'वर' जोडला तर 'डबावर' होतं. 'डब्यावर' हवं. यासाठी कस्टम प्रॉपर्टीमध्ये (प्रत्येक वस्तूला आपण जोडायची माहिती) 'सामान्यरूप' नावाची मजकूर-प्रॉपर्टी करा आणि प्रत्येक वस्तू, हॉटस्पॉट, पात्राला भरा: डबा–डब्या, झारा–झाऱ्या, कढई–कढई, म्हातारी–म्हातारी, जिलबीवाला–जिलबीवाल्या. मग वाक्य जोडणाऱ्या फंक्शनमध्ये साचे तीनच:

उघड, बंद कर, उचल, ढकल, ओढ, बघ: मूळ रूप + क्रियापद. 'डबा उघड'.
वापर: दुसऱ्याचं सामान्यरूप + वर + पहिल्याचं मूळ रूप + वापर. 'जाळीवर कामटी वापर'.
दे, बोल: सामान्यरूप + ला किंवा शी. 'जिलबीवाल्याला दोरी दे', 'जिलबीवाल्याशी बोल'.

'वापर' मध्ये पहिली वस्तू निवडल्यावर वाक्य अर्धवट असतं, तेव्हा 'कामटी … वापर' असं टिंबांसकट दाखवा. दुसरी निवडली की टिंबांऐवजी पूर्ण वाक्य.

धूसरपणाचं उत्तर छोटं आहे. सेटअपमध्ये फिल्टर निअरेस्ट-नेबर करा (पिक्सेल मिसळत नाहीत, कडा धारदार राहतात) आणि ताणण्याऐवजी पूर्णांक पट निवडा. १३६६×७६८ च्या लॅपटॉपवर ३ पट, ९६०×६०० दिसेल, कडेला काळं राहील. ४ पट केलं तर उंची ८०० होते, मावत नाही. ३२०×१८० घेतलं असतं तर १९२०×१०८० वर बरोबर ६ पट बसलं असतं, पण आता चित्रं झालीत तर राहू द्या.

राजवाडा_चौक (इंदूर)

एल्स खरंच नव्हता. जाळीवर पाच वस्तू गप्प होत्या! नवीन प्रश्न: बंडू कढईच्या मागे गेला तरी कढईवर उमटतो. वॉक-बिहाइंड (पात्र ज्याच्या मागून जावं तो भाग) रंगवलंय.

पिक्सेलपंत

बेसलाइन तपासा, म्हणजे पात्र पुढे की मागे हे ठरवणारी आडवी रेघ. बंडूच्या पायाचा वाय (पडद्याच्या वरच्या कडेपासूनचं अंतर) बेसलाइनपेक्षा कमी असेल तेव्हाच तो मागे जातो. कढईच्या वरच्या काठाला लावलीत बहुधा. शेगडी जमिनीला टेकते तिथे लावा. कढई वेगळं ऑब्जेक्ट केली असेल तर तिची बेसलाइन वेगळी असते, तीही बघा.

आणि तुमच्या पडद्यावर गराडू (थंडीत मिळणारा कंद) तळतायत नि भिंतीवरचं कॅलेंडर मे महिन्याचं आहे. इंदूरचा माणूस नथ सोडून तिथेच थांबेल.

राजवाडा_चौक (इंदूर)

डिसेंबर करतो भिया. परत त्याच सहा जणांना पाठवू?

सुपारी

नको, त्यांना जाळी ठाऊक झालीय. नवे तीन घ्या, एकावेळी एक. मागे बसा, तोंडातून शब्द काढू नका, आणि प्रत्येक चुकीची जोडी वहीत लिहा. एकच जोडी दोघांनी लावली की तिला उत्तर लिहायचं.