चांगला सेटर उचलून सुपरवायझर करावा का?

वाळूज_सेकंडशिफ्ट:
वाळूजच्या एका मध्यम कारखान्यात प्रॉडक्शन बघतो. सुपरवायझरची जागा रिकामी झाली की आमच्याकडं ठरलेलं, सगळ्यात हुशार सेटर, म्हणजे मशीनचं सेटिंग लावून देणारा कारागीर, उचलायचा. माझ्या मते हे बंद करावं. ऑपरेटरचा साइज हुकला की हा नवा सुपरवायझर त्याला बाजूला सारून स्वतःच ऑफसेट (मापाची दुरुस्ती) टाकतो. दोन मिनिटांत पीस ओके, ऑपरेटर हाताची घडी घालून बघत उभा. पुढच्या आठवड्यात तोच साइज परत हुकतो, परत हाच धावतो. तोवर शिफ्टचा प्लॅन, गैरहजेरी, रिजेक्शनची नोंद सगळं लटकलेलं. चांगला सेटर गेला तो गेलाच, सुपरवायझरही मिळाला नाही.

131 कंपन्यांच्या विक्री विभागांवरचा एक अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही हेच निघालं. जास्त विक्री करणाऱ्यालाच बढती मिळते आणि मग त्याच्या हाताखालच्यांची विक्री घसरते.

गंगापूरचा_आयटीआय:
साहेब, मग आमच्यासारख्यानं जायचं कुठं? वर्षानुवर्षं मशिनवर आम्ही घासायचं आणि खुर्ची पुण्याहून आलेल्या डिग्रीवाल्याला? त्याला मायक्रोमीटर नीट धरता येईना, पोरं तोंडावर 'सर सर' करतात अन् माघारी हसतात. लाईनवर ज्याला काम येतं त्याचंच ऐकतात.

अन् तो अभ्यास मीबी चाळलाय. बढतीच्या आशेनं माणूस जास्त राबतो, म्हणून कंपन्या जाणूनबुजून असं करत असतील, ही शक्यता त्यातच मांडलीय. तेवढं बरं गाळलं तुम्ही.

वाळूज_सेकंडशिफ्ट:
डिग्रीवाला आणा असं मी कुठं म्हणलो? सेटरच घ्या, पण शिकवायची हौस असलेला. त्याच अभ्यासात इतरांसोबत मिळून विक्री करणारे मॅनेजर म्हणून सरस निघाले, तेही वाचलं असेलच.

एचआर_चिकलठाणा:
दोघंही पगारावर बोलत नाही आहात. ओव्हरटाइमला दुप्पट दर, आधी कारखाने कायदा 1948 च्या कलम 59 प्रमाणे, 2025 पासून नव्या कामगार संहितेप्रमाणे. सुपरवायझर झाला की बहुतेक ठिकाणी ओटी बंद. ऑर्डरच्या गर्दीत ऑपरेटर त्याच्यापेक्षा जास्त घरी नेतो. शिवाय औद्योगिक संबंध संहितेत महिना 18,000 च्या वर पगार असलेला पर्यवेक्षक 'कामगार' धरला जात नाही. आमच्याकडं दोघांनी बढतीचं पत्र परत केलं. तिसऱ्यानं घेतलं, कारण सोयरीक जमायची होती!

माजलगाव_टू_शेंद्रा:
भावकीचं काय? आमची अर्धी लाईन एकाच तालुक्यातली. रूम एक, बस एक. रात्री ज्याच्यासोबत जेवला त्याला सकाळी लेट मार्क लावायचा? बढती द्याच, पण दुसऱ्या लाईनवर.

गंगापूरचा_आयटीआय:
भावकी आहे म्हणून तर पेरणीला कोण दांडी मारणार ते मला आठ दिवस आधी कळतं. एचआरला कळतं मशीन बंद पडल्यावर.

निवृत्त_टूलरूम:
सगळे निवडीवर भांडताय, शिकवण्यावर कुणीच नाही. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत अनुभवी कामगार लढाईवर गेले, तेव्हा सुपरवायझरांसाठी टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) नावाचा कार्यक्रम निघाला. दुसऱ्याला काम कसं शिकवायचं, याचे दोन-दोन तासांचे पाच वर्ग. युद्धानंतर जपाननं तो उचलला, टोयोटानंसुद्धा. वाळूजवाल्यांचा तो ऑफसेटवाला सेटर दहा तासांत सुधारला असता. आपल्याकडं पत्र देतात, पेढे वाटतात आणि सोमवारपासून लाईन ताब्यात.

वाळूज_सेकंडशिफ्ट:
काका, पटलं. पण त्या दहा तासांत किती पीस बुडाले हे मालक आधी मोजतो. मी म्हणतो, सहा महिने चार मशीनचा लीडर करून बघा. जमलं तर सुपरवायझर, नाही तर पगार न कापता परत सेटर.

गंगापूरचा_आयटीआय:
परत? गावात काय तोंड दाखवायचं? त्यापेक्षा सेटरलाच वरची ग्रेड द्या, पगार सुपरवायझरएवढा. मग खुर्ची मागतंय कोण!

एचआर_चिकलठाणा:
हा प्रस्ताव मी दिला होता. वरून एका ओळीत उत्तर आलं, मशीनवरच्याला ऑफिसवाल्याएवढा पगार कसा देणार?

गंगापूरचा_आयटीआय:
घ्या. अन् तुम्ही म्हणे हौस बघा.

वाळूज_सेकंडशिफ्ट:
कुणाच्या कारखान्यात सेटरला अशी वरची ग्रेड असेल तर पगाराच्या आकड्यासकट इथं टाका, कंपनीचं नाव नको. पुढच्या आढावा बैठकीत मालकासमोर ठेवतो.