बायोलॉजी वाया जात नाही
मुलीला बारावी सायन्सनंतर सायकॉलॉजी घ्यायचंय आणि घरचे म्हणतात ‘बायोलॉजी वाया जाईल’, असं तुम्ही लिहिलंय. अजिबात नाही! मी पुण्यातच सायकॉलॉजी शिकले. प्रॅक्टिकलला आरशात बघून चांदणी गिरवायची असते. हात उलटाच पळतो, पेन्सिल कोपऱ्यात अडकून बसते. हाच प्रयोग हेन्री मोलेसन या अमेरिकी रुग्णावर झाला होता. फिट्स थांबाव्यात म्हणून १९५३ मध्ये त्यांच्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसचा, म्हणजे नव्या आठवणी साठवायला मदत करणाऱ्या भागाचा, बराच तुकडा काढला, तेव्हापासून नव्या आठवणी टिकेनात. तरी तीन दिवसांत त्यांच्या चुका कमी होत गेल्या, आणि आपण हे काल केलंय हे मात्र त्यांना ठाऊकच नसे! मेंदूची रचना माहीत असली की हे खरं उलगडतं.

माझ्या मावशीला वर्षभर ‘आळशी झालीस’ असं सगळ्यांनी ऐकवलं. निघाला थायरॉईडचा त्रास. शरीरातला बिघाड वागण्यात असा दिसतो, तिथेही बायोलॉजीच कामी येते. अजून वाईट वाटतं.

पुण्यात फर्ग्युसन आणि स. प. या दोन्ही कॉलेजांत सायकॉलॉजी आहे. नव्या शैक्षणिक धोरणात मेजर (मुख्य विषय) आणि मायनर (जोडविषय) असतं, तेव्हा सोबत झूलॉजी मायनर मिळेल का, हे प्रत्यक्ष जाऊन विचारा. आणि स्टॅटिस्टिक्सची तयारी आत्तापासूनच करू दे तिला, ते शेवटपर्यंत लागतं.