जानेवारीची तंजावर सहल: समुद्राचा दिवस कुठला ते शुक्रवारपर्यंत कळवा

प्रेषक: खजिनदार

मंडळी, बसवाल्याचा परत मेसेज आलाय. चौथ्या दिवसाचा रूट त्याला शुक्रवारपर्यंत पक्का हवाय, नाहीतर गाडी दुसऱ्या ग्रुपला जाईल. बाकीचे दिवस आता कृपा करून उघडू नका, मोठं देऊळ, सरस्वती महाल ग्रंथालय, बाहुलीवाले, कुंभकोणम, स्वामिमलै सगळं ठरलंय. प्रश्न फक्त समुद्राचा, तरंगमबाडी की मनोरा. एक ईशान्येला, एक दक्षिणेला, दोन्ही एका दिवसात होत नाही, मी तीनदा नकाशा बघितला. एका ओळीत उत्तर द्या.

प्रेषक: बाळाकाका

तरंगमबाडी. यात विचारायचं काय? कोपनहेगनचं मंडळ तंजावरला जाणार आणि डॅनिश किल्ला न बघता परत येणार? 1620 साली तंजावरच्या रघुनाथ नायकाने डॅनिश लोकांना ती जागा दिली, यांनी डान्सबोर्ग किल्ला बांधला, आणि 1845 ला इंग्रजांना विकेपर्यंत सव्वादोनशे वर्षं हे लोक तिथे होते. माझ्या ऑफिसात दर वर्षी कुणीतरी विचारतं, तू ट्रँकेबारला, म्हणजे तरंगमबाडीलाच, गेलायस का, आणि मी बावीस वर्षं नाही म्हणतोय. किल्ल्याजवळच मासिलामणिनाथाचं देऊळ आहे, 1306 चं, त्याचा बराचसा भाग समुद्राने नेलाय. उरलेलं बघायला पुढची सहल कधी निघणार आहे?

प्रेषक: माई

बाळासाहेब, तुमची तळमळ कळते पण तरंगमबाडी तंजावर जिल्ह्यात नाही. 1991 ला नागपट्टिनम वेगळा झाला आणि 2020 ला त्यातून मयिलाडुदुरै निघाला, तरंगमबाडी आता तिकडे. आपण पत्रकात स्वच्छ लिहिलं होतं की एकच जिल्हा घ्यायचा आणि नीट बघायचा, कारण राजस्थानात काय झालं ते सगळ्यांना आठवतंय, सात दिवसांतले चार बसमध्ये गेले. तंजावरला स्वतःचा किनारा आहे, पाल्कच्या उपसागराचा, अदिरामपट्टिनम, मल्लिपट्टिनम, आणि तिथे पाण्याच्या काठाला तंजावरच्या मराठा सरफोजीराजांनी 1814 साली बांधलेला आठ मजली षट्कोनी मनोरा उभा आहे. तिथले तमिळ लोकसुद्धा त्याला मनोराच म्हणतात. तंजावरहून साधारण 65 किलोमीटर. तरंगमबाडी शंभराच्या वर, जायला जवळजवळ तीन तास, यायला तीन, माझे गुडघे ते करू शकत नाहीत आणि मी एकटीच नाहीये.

प्रेषक: रोस्किल्डची ताई

मनोरा कशासाठी बांधला ते कुणी बघितलंय का? नेपोलियनवर इंग्रजांना विजय मिळाला त्याची आठवण म्हणून! त्याच इंग्रजांनी त्याच युद्धात 1807 ला आपलं कोपनहेगन तोफांनी जाळलं आणि 1808 ला तरंगमबाडी ताब्यात घेतली ती 1815 पर्यंत सोडली नाही. म्हणजे सरफोजीराजे इकडे मनोरा बांधत होते तेव्हा तिकडच्या डॅनिश किल्ल्यात इंग्रज बसले होते. या दोन जागा एकाच गोष्टीच्या आहेत, म्हणून मला दोन्ही बघायच्यात. एक दिवस वाढवता येत नाही का?

प्रेषक: खजिनदार

नाही. तिकिटं काढलीत.

प्रेषक: बाळाकाका

ताईंनी माझंच म्हणणं मांडलं. इंग्रजांच्या विजयाचा खांब बघायला मी साडेसात हजार किलोमीटर जाऊ?

प्रेषक: माई

खांब नव्हे. आणि राजांची बाजू पण बघा, 1799 च्या तहात कारभार इंग्रजांकडे गेला, राजांकडे तंजावरचा किल्ला आणि आसपासचा थोडा मुलूख राहिला. त्यांनी जे केलं ते तेवढ्यात केलं. ग्रंथालय वाढवलं, वैद्यकाचं काम उभं केलं, मोठ्या देवळाच्या भिंतीवर 1803 साली भोसले घराण्याचा सगळा इतिहास मराठीत कोरून घेतला. तो शिलालेख पहिल्या दिवशी वाचायचाय, चष्मे विसरू नका, खूप लांब आहे.

प्रेषक: ऑर्हूसचा दादा

शिलालेखावरून आठवलं, पत्रकात 'मराठ्यांनी जगाला दिलेलं भरतनाट्यम' असं छापलंय ते काढा प्लीज. माझी मुलगी नऊ वर्षं शिकतेय, तिच्या तमिळ गुरूंनी ते वाचलं तर मला तोंड दाखवता येणार नाही. अलारिप्पू, जतिस्वरम, शब्दम, वर्णम, पदम, तिल्लाना हा क्रम बसवला तो चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी, ते पिढीजात नट्टुवनार, म्हणजे नाच शिकवणारे, होते. सरफोजीराजांच्या दरबारात होते हे खरं, आश्रय मराठ्यांचा होता हे पण खरं. पण विद्या त्यांची. आणि राजराज चोळाच्या शिलालेखात तर देवळासाठी चारशे नर्तिका आणल्याची नोंद आहे, तेव्हा आपण तिथे नव्हतोच.

प्रेषक: पत्रकवाली वहिनी

ते वाक्य मी लिहिलं. काढते. पण एक राहू दे, सरफोजीराजांनी नाचासाठी मराठीत रचना केल्या आणि त्या टिकल्यात, आणि त्यांच्याआधी तंजावरच्या शहाजीराजांच्या (शिवरायांचे वडील नव्हेत) काळात तिथे मराठी नाटकं लिहिली गेली, सांगलीच्या 1843 च्या नाटकाच्या कितीतरी आधी. हे आपल्या मुलांना कुणी सांगत नाही, शाळेत मलाही कुणी सांगितलं नाही.

प्रेषक: ऑर्हूसचा दादा

ते राहू देच. तेच मोठं छापा. आणि एक, देवळाच्या विमानात, म्हणजे गाभाऱ्यावरच्या शिखरात, वरच्या मजल्यावर नाचाच्या 108 पैकी 81 करणं (मुद्रा) कोरलेली आहेत, उरलेले दगड कोरेच राहिलेत, पण तो मजला सगळ्यांना उघडा नसतो. मुलीला आधी सांगून ठेवलंय. तुम्हीही मुलांना सांगा म्हणजे तिथे हिरमोड होणार नाही.

प्रेषक: मालवणचे अण्णा

मल्लिपट्टिनमला मासळी उतरते. माझं मत मनोऱ्याला. तीन दिवस केळीच्या पानावर सांबार भात मी आनंदाने जेवेन पण चौथ्या दिवशी मला खेकडा पाहिजे. सांबार पण आपलंच ना, संभाजीराजे तंजावरला गेले तेव्हा आमसूल संपलं म्हणून चिंच घातली.

प्रेषक: माई

अण्णा, ही गोष्ट सगळे सांगतात, त्या काळचा लेखी पुरावा कुणी दाखवत नाही, तिथे जाऊन यजमानांपुढे ठासून सांगू नका. पुरावा पाहिजे तर डांगर घ्या. मी लग्नानंतर चार वर्षं चेन्नईत ट्रिप्लिकेनला राहिले, घरमालकीणबाई तंजावरच्या, आडनावाच्या जागी राव, घरात मराठी बोलायच्या पण हिशोब तमिळमध्ये लिहायच्या. पहिल्या आठवड्यात त्यांनी ताटात उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून वाढलं आणि म्हणाल्या डांगर पच्चडी. मी तिथेच रडले, आईची आठवण आली. मात्र पिटलै मागवाल तर पिठलं येणार नाही, डाळ, खोबरं आणि कारल्यावांग्याचं आमटीसारखं काहीतरी येतं, छान असतं. कुंभकोणमला इडलीबरोबर कडप्पा मागा, मूगडाळ बटाट्याचा, आणि तिरुवैयारूचा अशोका हलवा पण मुगाचाच.

प्रेषक: रोस्किल्डची ताई

बाहुल्यांचं काय करायचं? मागच्या वेळी आणलेली नाचणारी बाहुली कोपनहेगनला उतरली तेव्हा मान तुटली होती, लेकीने दोन दिवस जेवण सोडलं.

प्रेषक: पत्रकवाली वहिनी

त्या बाहुलीचे भाग सुटे असतात, डोकं, धड, घागरा, पाय, एकावर एक टेकवलेले, म्हणून तर हलते. सगळे वेगळे काढायचे, डोकं मोज्यात घालून हातातल्या बॅगेत. बुडाला जड असलेले राजाराणी, ढकलले तरी उभे राहतात ते, त्यांना काही होत नाही. तंजावरी चित्र घेणार असाल तर काचेची फ्रेम तिथे करू नका, नुसता फळा घ्या. सोन्याचा वर्ख दाबू नका, खाली खडूच्या लेपाचा उठाव असतो तो खचतो.

प्रेषक: खजिनदार

आणि स्वामिमलैला पंचधातूची मूर्ती घेणाऱ्यांनी दुकानदाराकडून पुरातत्त्व खात्याचं पत्र मागून घ्या, की ही वस्तू पुरातन नाही. विमानतळावर एकाला तीन तास बसवलं होतं, मी शेजारी बसून होतो. नवीन मूर्ती पण जुन्यासारखी दिसते, कारण करायची पद्धत जुनीच आहे, मेणाची मूर्ती, वर कावेरीच्या गाळाची माती, मेण वितळवून काढायचं, धातू ओतायचा, साचा फोडायचा. साचा उरत नाही म्हणून प्रत्येक मूर्ती एकुलती एक. पोंगलच्या दिवसांत भट्ट्या बंद, म्हणून आपण 19 नंतर जातोय, हे पुन्हा विचारू नका.

आता समुद्र. मनोरा 14, तरंगमबाडी 9, तीन जण गप्प.

प्रेषक: बाळाकाका

मतं मोजून ठरवायचं तर ठरवा. पण माझ्यासाठी हा मतांचा विषय नाही. मी ज्या देशात म्हातारा झालो त्याने माझ्या देशात काय ठेवलंय ते मला हाताने शिवायचंय.

प्रेषक: माई

बाळासाहेब, तुमची ही मेल मी दोनदा वाचली. कुंभकोणमच्या दिवशी स्वामिमलैनंतर दुपार मोकळी आहे, खरेदीसाठी ठेवलेली. ज्यांना खरेदी नको त्यांनी तिथूनच छोटी गाडी करून तरंगमबाडी गाठावी, कुंभकोणमहून अंतर बरंच कमी पडतं. संध्याकाळचा किल्ला मिळेल, रात्री उशीर होईल. खजिनदारांनी हिशोब वेगळा ठेवावा.

प्रेषक: खजिनदार

चालेल, पण सहा जण तरी पाहिजेत, नाहीतर गाडी परवडत नाही. बसवाल्याला मनोरा कळवतोय.

प्रेषक: ऑर्हूसचा दादा

छोट्या गाडीत आम्ही तिघे.

प्रेषक: रोस्किल्डची ताई

मी आणि लेक. बाहुल्या आदल्या दिवशीच घेऊन ठेवते.

प्रेषक: बाळाकाका

सहावा मी. माई, आभारी आहे. मनोऱ्याला पण येणार.

प्रेषक: मालवणचे अण्णा

मल्लिपट्टिनमला बस सकाळी किती वाजता पोचेल? मासळी सकाळीच असते.