मदत हवी आहे: बोअरचं खारं पाणी गव्हाला सोडू का? अर्जंट

गावरान_गडी: गव्हाचे शेंडे पिवळे पडले, वाफ्याच्या कडेनं पांढरं मीठ फुटलंय. उद्या रात्री पंपाला लाईन आहे, परवा नाही. पाणी सोडू का नको, आणि खत कोणतं टाकू? लवकर सांगा.

शिवार७: भाऊ गाव कोणतं, जमीन कशी, पेरून किती दिवस, पाण्याचा ईसी (खारेपणाचं माप) किती? काहीच न सांगता काय सांगणार

गावरान_गडी: दर्यापूरकडं, म्हणजे काळीच ना. तीन आठवडे होत आले. ईसी माहीत नाही, आरओवाल्याच्या मीटरवर टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) २५०० आला

मातीवाला: म्हणजे ईसी ४ च्या आसपास. गहू तसा सोशिक, मातीचा ईसी ६ पर्यंत उतारा फारसा घटत नाही, पण ते निचऱ्याच्या जमिनीत. तुमच्या पूर्णा नदीकाठच्या चिकण मातीत मीठ खाली उतरतच नाही. त्यात पाण्यात सोडियम जास्त असला की माती ओली असताना फुगते आणि सुकली की दगड. टीडीएसवरून सोडियम कळत नाही, लॅबमधून एसएआर (सोडियमचं प्रमाण) काढून घ्या, सोडियम हटवायला जिप्सम टाकायचं का ते मग बघू.

द्राक्षवाला: पाइपला चुंबक बसवा, आमच्याकडं एकदम फरक पडला

मातीवाला: चुंबकानं मीठ कुठं जातं हो? आधी-नंतर टीडीएस मोजा.

द्राक्षवाला: तुम्ही वापरलंय का? उगाच पुस्तकी बोलायचं

उत्तरेचा_पाव्हणा: केआरएल २१० पेरा, कर्नालच्या लवणता संस्थेचं वाण आहे, खाऱ्या जमिनीसाठीच काढलेलं

शिवार७: दादा त्यांची पेरणी झालीय 😀

अकोटची_ताई: शेततळं आहे का? आत्ता मुकुटमुळं (खोडाच्या बुडाशी येणारी मुख्य मुळं) फुटायची वेळ आहे, ही पाळी गोड्या पाण्याचीच द्या. खारं द्यायचंच तर पुढं कांडी धरल्यावर (खोडाला पेरं यायला लागल्यावर), तेही आलटूनपालटून. आणि स्प्रिंकलरनं नको, पानं करपतात.

गावरान_गडी: शेततळं आहे, पण ते पाणी हरभऱ्याला ठेवलंय

अकोटची_ताई: हे आधी सांगायचं ना राजेहो! हरभरा मिठाला गव्हाहून नाजूक, त्याला खारं अजिबात दाखवू नका. पण आपल्याकडं तो जमिनीतल्या ओलीवर निघतो. तळ्यातलं आत्ता गव्हाला द्या, उरलं तर घाटे भरताना हरभऱ्याला.

कापूस_किंग: तुरीचा भाव काय चालू आहे कोणाकडं?

गावरान_गडी: ठीक, तळ्यावर डिझेल पंप लावतो. खताचं राहिलंच पण

अकोटची_ताई: आधी पाणी, मग वाफसा आला (जमीन जरा सुकून पाय टाकण्याजोगी झाली) की युरियाचा राहिलेला हप्ता