माशाच्या आतड्यातील कृमीवरून नदीतील शिसे का मोजतात?

काठावरचा: प्राणिशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी वाचताना असे आढळले, की जर्मनीतील रूर नदीत शिशाचा माग चब नावाच्या माशाच्या आतड्यातील काटेरी डोक्याच्या कृमीवरून, म्हणजे पोम्फोर्‍हिंकस लेव्हिसवरून, काढला गेला. पाणी थेट तपासता येत असताना हा द्राविडी प्राणायाम कशासाठी?

गाळमाती: पाण्याचा नमुना त्या क्षणापुरतेच सांगतो, रात्री सोडलेले सांडपाणी सकाळपर्यंत वाहून गेलेले असते. शिवाय पाण्यातील शिसे बहुधा इतके विरळ असते, की ते मोजताना उपकरणाचीच कसोटी लागते. जर्मन परजीवीशास्त्रज्ञ बेर्न्ट झुरेस व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार, रूरमधील या कृमीत शिशाचे प्रमाण त्याच माशाच्या स्नायूंच्या सुमारे २,७०० पट आणि पाण्याच्या सुमारे ११,००० पट होते.

काठावरचा: आभारी आहे. परंतु आतड्यात सुरक्षित बसलेल्या कृमीत एवढे शिसे येते कोठून?

पित्तरस: खरी गंमत येथेच आहे. कल्ल्यांतून शिरलेले शिसे रक्तावाटे यकृतात पोहोचते आणि पित्ताबरोबर आतड्यात उतरते. एरवी त्यातील बराचसा भाग आतड्याच्या भिंतीतून पुन्हा यकृताकडे परतला असता. पण या कृमीला तोंड नाही, अन्ननलिका नाही, तो सारे पोषण त्वचेतूनच शोषतो, आणि पित्तक्षारांबरोबर त्यांना जोडलेले शिसेही त्याच्या अंगात जाते. म्हणूनच कृमीग्रस्त चबच्या यकृतात शिसे कमी आढळते. मात्र याच कृमीच्या, गॅमॅरस या झिंगेवर्गीय जीवात वाढणाऱ्या अळ्यांमध्ये शिसे फारसे साठत नाही, कारण तेथे पित्ताचा हा मार्गच नाही.

गाळमाती: म्हणूनच ‘परजीवी म्हणजे प्रदूषणाचा सूचक’ असे सरसकट म्हणू नये. ईल माशाच्या वाताशयातील गोल कृमी शिसे साठवण्यात या काटेरी डोक्याच्या कृमीच्या जवळपासही येत नाही. प्रत्यक्ष काम करणार असाल तर एक सूचना: मासा उघडल्यावर नारिंगी कृमी आतड्याच्या भिंतीत डोके रुतवून बसलेले दिसतात, ते ओढून काढताना धातूचा चिमटा वापरू नका, प्लास्टिकचा घ्या, नाहीतर चिमट्यातीलच धातू कृमीच्या खाती जमा होईल. आणि त्याच माशाचे यकृत व स्नायूही वेगळे ठेवा, कारण तुलनेला आधार नसेल तर नुसत्या कृमीच्या आकड्याचा उपयोग नाही.