अनुभव धागा: गेमची पहिली चोरीची सीडी आणि पहिला विकत घेतलेला गेम

म्हापसा (धागा उघडणारा)

आधी माझी कबुली, म्हणजे बाकीच्यांची भीड चेपेल. २००४ साली कॉलेजात असताना मी म्हापशात बाजारालगतच्या एका सायबर कॅफेत संध्याकाळी बसायचो. पाच कॉम्प्युटर, एक टेबलफॅन आणि एक सीडी रायटर. रायटरला सगळ्यात जास्त काम शुक्रवारी, कारण त्या दिवशी बाजार. आई मिरच्या आणि सुकं मासळी घेईपर्यंत मुलगा आमच्याकडे. 'आयजीआय', 'व्हाइस सिटी', 'काउंटर स्ट्राइक'. सीडीचे ४० रुपये, सिरियल नंबर चिठ्ठीवर लिहून फुकट. सीडीवर नाव मी मार्करने लिहायचो. घाईत 'व्हाइस'चं 'वॉइस' व्हायचं, कोणी तक्रार केली नाही. मालकाची ताकीद एकच होती, "चालते काय बघून दे, गिऱ्हाईक परत येता कामा नये." आपण चोरीचा माल विकतोय हे तेव्हा डोक्यातही नव्हतं. परवा भाच्याला सांगितलं तर तो म्हणाला, "मग मामा, तुला पोलिसांनी कसं नाही धरलं?"

तर सांगा. पायरेटेड का खेळलात, कधी थांबलात, थांबला नसाल तर का नाही. गेम किंवा सॉफ्टवेअर बनवणारं कोणी असेल तर पलीकडची बाजूही येऊ दे. डाउनलोड कुठून करायचं ते इथे विचारू नका, आणि प्रवचन नको. (गोव्यात 'गेमिंग' म्हटलं की मांडवीतल्या कॅसिनोच्या बोटी आठवतात. तो विषय वेगळा.)

मडगाव

तुमच्यासारख्याच कोणाकडून तरी घेतलेली 'व्हाइस सिटी' माझ्याकडे होती. एका सीडीत बसावी म्हणून आतली गाणी काढून टाकलेली. गाडीत बसलं की नुसती इंजिनाची घरघर. गेम असाच असतो असं समजून अख्खा संपवला. सहा वर्षांनी चुलतभावाच्या कॉम्प्युटरवर बसलो, गाडी चोरली आणि एकदम गाणं लागलं. मी त्याला म्हटलं, तुझा मोबाइल वाजतोय बघ.

डिचोली

आमच्याकडे 'का'ला उत्तर एकच, पैसे. पण ते जरा नीट सांगतो, कारण परवडत नव्हतं म्हटलं की लोक विचारतात, कॉम्प्युटर बरा परवडला?

कॉम्प्युटर खाणीच्या दिवसांतला. बाबांचे दोन ट्रक खनिजावर होते. २०१२च्या सप्टेंबरात सरकारने खाणी थांबवल्या, पुढच्या महिन्यात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, आणि दोन्ही ट्रक घराशेजारी फणसाखाली निळी ताडपत्री पांघरून उभे राहिले. मी अकरावीत. बँकेचे हप्ते चालूच. त्या घरात मी हजार रुपयांच्या डीव्हीडीचं नाव काढणार? कॉम्प्युटर मात्र होता आणि वेळ तर भरपूर होता. मित्राच्या पेनड्राइव्हवर येईल ते खेळलो. रिपॅक (दाबून लहान केलेली चोरीची प्रत) इन्स्टॉल व्हायला चार-चार तास लागायचे, मध्येच वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. कीजेन (खोटे सिरियल नंबर बनवून देणारा प्रोग्राम) उघडला की त्याचं ते टिंगटिंग संगीत सुरू व्हायचं आणि आई आतून ओरडायची, "कोणाचा फोन वाजतोय तो, घे की!"

माझ्यामुळे कुठल्या कंपनीचे हजार रुपये बुडाले असं मला तेव्हा वाटलं नाही, आजही वाटत नाही. ते हजार रुपये नव्हतेच. पण पुढे नोकरी लागली, पगार हातात येऊ लागला, तरी वर्ष-दीड वर्ष मी फुकटच खेळत राहिलो. त्याला माझ्याकडे उत्तर नाही. हाताला लागलेली सवय.

सुटली ती 'विचर ३' या गेममुळे. गॉग या गेम विकणाऱ्या साइटवर सेलमध्ये घेतला. कॉपी अडवणारं कुलूपबिलूप काही नाही. फाइल उतरवून घ्या, हव्या त्या डिस्कवर ठेवा. मग ही मंडळी कोण म्हणून वाचत गेलो. सीडी प्रोजेक्ट ही पोलंडची कंपनी मुळात दुसऱ्यांचे गेम आणून विकायची, आणि वॉर्सात तेव्हा चोरीच्या सीड्या आपल्या शुक्रवारच्या बाजारासारख्या उघड्यावर मिळायच्या. त्यांच्याशी भावात कोण टिकणार? १९९९ मध्ये त्यांनी 'बॉल्डर्स गेट' पोलिश भाषेत काढला, संवादांना तिथले नावाजलेले नट घेतले, खोक्यात नकाशा, जाड पुस्तिका आणि संगीताची सीडी घातली. पाच सीड्यांची कॉपी कोणीही मारेल, नकाशाची कोण मारणार? पहिल्या दिवशी १८,००० प्रती खपल्या. मला यातली भाषेची गोष्ट सगळ्यात मोठी वाटते. मराठीत धड बोलणारा एक मोठा गेम कोणी काढला तर आमच्या गल्लीतले निम्मे लोक खोकं जपून ठेवतील.

ते साधुसंत आहेत असं मात्र समजू नका. 'विचर २'च्या वेळी त्यांनी जर्मनीत फुकट उतरवणाऱ्यांना वकिलामार्फत पैसे मागणारी पत्रं धाडली. न केलेल्यांनाही पत्र जातंय अशी ओरड झाली आणि जानेवारी २०१२मध्ये त्यांनी ते बंद केलं.

फोंडा

माझा अनुभव उलटा आहे. मी विकत घेणारी. चवथीला मामाने आणि आजीने दिलेले पैसे जमवून पणजीला जाऊन खोकं आणलं. कंपनीचं नाव घेत नाही. गेम एकट्याने खेळायचा, पण इंटरनेट अखंड चालू हवं. आमच्या वाड्यावर पावसाळ्यात माडाची एक झावळी तारेवर पडली की दोन दिवस वीज नाही आणि पाच दिवस नेट नाही. खेळता खेळता पडदा थिजायचा आणि 'जोडणी तुटली' म्हणून पाटी यायची, तीसुद्धा नेमकी सेव्ह करायच्या आधी.

मावसभावाने तोच गेम क्रॅक करून, म्हणजे आतलं कुलूप तोडून, घातलेला. त्याच्याकडे नेटच नव्हतं आणि गेम लोण्यासारखा चालायचा. अख्खा जून मी त्याच्या घरी बसून खेळले. माझं खोकं आमच्या शोकेसमध्ये, गणपतीच्या फोटोशेजारी. मावशी म्हणायची, पैसे तू दिलेस ना गो, मग तू का येतेस इथे?

म्हापसा (धागा उघडणारा)

तुमच्या मावशीला कुठल्या तरी कंपनीत संचालक करायला हवं. 'सिमसिटी' हा शहर वसवायचा गेम मार्च २०१३मध्ये आला तेव्हा जगभर हेच झालं. पैसे मोजलेले लोक सर्व्हरच्या रांगेत ताटकळत राहिले, नेटशिवाय खेळायची सोय मिळाली ती वर्षभराने.

वास्को

भाऊ बोटीवर होता. त्याने अमेरिकेहून प्लेस्टेशन २च्या तीन ओरिजिनल डिस्क आणल्या. आमचं मशीन जगाच्या दुसऱ्या विभागासाठी बनवलेलं, तिथल्या डिस्क घेईना. शेवटी एका दुरुस्तीवाल्याकडे मॉडचिप (ही अडवणूक चुकवणारी चिप) बसवून घेतली. म्हणजे आयुष्यात पहिलं बेकायदा काम मी ओरिजिनल डिस्क चालावी म्हणून केलं. चिप बसल्यावर पुढे ओरिजिनल कोण घेतो म्हणा.

पणजी

पैसे होते, द्यायची वाट नव्हती. स्टीम या गेम विकणाऱ्या साइटवर भाव डॉलरमध्ये, बाबांचं डेबिट कार्ड परदेशी व्यवहाराला चालत नव्हतं. बँकेत विचारायला गेलो तर काउंटरवरच्या बाईंनी चष्म्यावरून बघत विचारलं, "कसला खेळ? बाबांना माहीत आहे?" घरी येऊन टॉरेंट लावला, लोक एकमेकांना फुकट फाइली वाटतात तो.

२०१५च्या नोव्हेंबरात स्टीमवर रुपयात भाव दिसू लागले. त्याच वर्षी जूनपासून परताव्याची सोय आली होती. घेऊन १४ दिवसांच्या आत आणि खेळून दोन तासांच्या आत नको वाटला तर पैसे परत. माझ्या जुन्या मशीनवर गेम चालेल की नाही हे बघायलाच मी क्रॅक उतरवायचो, ते कारण तिथेच संपलं. पुढे यूपीआय आलं आणि बँकेतल्या बाईही सुटल्या. स्टीमवाल्या वाल्व्हचे गेब न्यूवेल २०११ पासून सांगत आले की पायरसी हा किमतीपेक्षा सेवेचा प्रश्न आहे. माझ्यापुरतं खरं. डिचोलीच्या मित्राच्या बाबतीत नाही. फणसाखालच्या ट्रकला कुठली सेवा देणार?

साखळी

प्रवचन नको म्हणालात, तरी थोडं ऐका. मी शिक्षक आहे. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात ६३-बी असं कलम आहे. चोरीची प्रत आहे हे माहीत असून कॉम्प्युटरवर वापरली तर किमान सात दिवस, कमाल तीन वर्षं कैद, आणि ५० हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी वापरली नसेल तर कोर्ट कैद माफ करून नुसता दंड करू शकतं. हे मी नववीच्या वर्गात सांगितलं. मागच्या बाकावरचा एक शांतपणे म्हणाला, "सर, आपल्या लॅबमधलं विंडोज ओरिजिनल आहे?" शाळेचं नाव विचारू नका.

पण दुसरी गोष्ट जिव्हारी लागलेली आहे. आम्ही गावात जत्रेला नाटक करतो. दोन महिने तालमी, पदरचे पैसे घालून कपडेपट. गेल्या साली कोणी तरी पहिल्याच प्रयोगाचं मोबाइलवर शूटिंग करून सगळीकडे पाठवलं. शेजारच्या गावचा ठरलेला प्रयोग रद्द झाला, 'आम्ही बघितलं' म्हणून. त्या रात्री मला पहिल्यांदा वाटलं की गेमवाल्यांना काय वाटत असेल.

मडगाव (दुसरा)

फुटबॉलचा गेम. क्रॅकसोबतच्या चिठ्ठीत लिहिलेलं, अँटिव्हायरस बंद करा. केला. ताईचा एम.कॉम.चा प्रोजेक्ट त्याच कॉम्प्युटरवर होता. फॉरमॅट मारावा लागला. ताई आजही भाऊबीजेला ओवाळताना आधी तो विषय काढते.

केपे

मी अजून उतरवतो आणि लपवत नाही. पण फक्त आता कुठेच विकत मिळत नाहीत असे गेम. युबिसॉफ्टने 'द क्रू' हा २०१४चा गेम मार्च २०२४च्या अखेरीस बंद केला. सर्व्हर गेले, त्याबरोबर पैसे मोजलेल्यांचा गेमही गेला. मी तो घेतला नव्हता, पण बघून धडकी भरली. आजोबांनी घेतलेली पायपेटी आमच्याकडे अजून वाजते. माझा गेम दहा वर्षांत गप्प कसा होतो, एवढं सांगा, मग मला चोर म्हणा.

पर्वरी

पलीकडची बाजू मागितली होती. आम्ही दोघं, भाड्याचा फ्लॅट, साडेतीन वर्षं, एक गेम. स्टीमवर विकला की ३० टक्के स्टीमचे, मग कर, मग उरेल ते दोघांत. आला त्याच संध्याकाळी टॉरेंटवर. त्याआधी 'आम्ही यूट्यूबवर दाखवू, दोन की (गेम फुकट उघडायचे कोड) पाठवा' म्हणणारे पंचवीस मेल. त्यातल्या कितींनी की पुढे विकल्या ते देव जाणे.

मला बदला घ्यायचा होता. ग्रीनहार्ट गेम्सने एप्रिल २०१३मध्ये 'गेम डेव्ह टायकून' काढला तेव्हा स्वतःच एक वेगळी प्रत टॉरेंटवर सोडली. त्यात खेळणाऱ्याची गेम कंपनी काही केल्या पायरसीने बुडायची. पहिल्या दिवशी विकत घेतलेले २१४ जण खेळत होते आणि ती फुकटची प्रत ३,१०४ जण. वर त्यातलेच काही विचारत होते की पायरसी थांबवायला काही उपाय आहे का! मी पोट धरून हसलो आणि ठरवलं, आपणही असंच काही तरी करायचं. पार्टनर म्हणाला, आधी आहे ते कुलूप तर बघ.

कुलूप आमचं घरगुती होतं. सुरू होताना तारीख वगैरे तपासायचं, गडबड वाटली की बंद. पंधरा दिवसांनी कुडाळच्या एका गृहस्थांचा मेल आला. साठीचे, निवृत्त. मुलाने गेम भेट दिलेला, उघडतच नाही. चार दिवस मेल चालले. सरतेशेवटी कळलं, त्यांच्या जुन्या कॉम्प्युटरच्या मदरबोर्डवरचा बटणसेल संपलेला. मशीन चालू केलं की तारीख २००९. आमचा गेम त्यांना चोर समजत होता. क्रॅकमध्ये ही तपासणीच काढून टाकलेली, म्हणजे फुकट्यांना काही त्रास नाही. त्या रात्री आम्ही कुलूप काढलं. त्यांना नवा सेलही कुरिअरने पाठवला, तीस-चाळीस रुपयांचा.

कुलपाच्या जागी मेनूत खाली एक ओळ घातली, 'दोघांनी बनवलाय. फुकट मिळाला असेल तर खेळा, आवडला तर कळवा.' खाली मेल. नवीन आवृत्ती टॉरेंटवर गेली तेव्हा ती ओळही गेली. विक्री त्याने वाढली असं म्हणणार नाही, आम्हाला तसं दिसलं नाही. मेल मात्र येतात. वाळपईच्या एका मुलाने लिहिलं, "दादा, मागच्या वर्षी फुकट खेळलो. आता केटरिंगवाल्याकडे सुट्टीत काम करतो. १०० रुपये जीपे करू?" मी म्हटलं राहू दे, सेलमध्ये घे. त्याने तरी पाठवले. पार्टनरने त्याचा स्क्रीनशॉट फ्रिजवर लावलाय.

म्हापसा (धागा उघडणाऱ्याचा भाचा, मामाच्या फोनवरून)

मी टॉरेंट कधी वापरलाच नाही. 'जीटीए ५' एपिक या गेमच्या साइटवर मे २०२०मध्ये फुकट वाटला होता, दादाने तेव्हाच घेऊन ठेवलेला. बाकी मी खेळतो ते सगळे गेम फुकटच असतात. पैसे फक्त स्किनला (पात्राचे नवे कपडे), पासला, आणि मधे मधे गेममधल्या त्या खोक्यांना, ज्यात काय निघेल ते आधी कळत नाही. गेल्या महिन्यात आईने बँकेचं पासबुक भरून आणलं आणि बसून बेरीज केली. ती म्हणाली, ह्यापेक्षा तुझ्या मामाची ४० रुपयांची सीडी बरी होती.